न गळलेल्या नळाची फिर्याद



‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. न्यायालयाच्या दाराशी जो पहिला नियम उभा असतो, त्याचा आशयही बराचसा असाच आहे. एखाद्या अन्यायाबद्दल आपणांस कितीही चीड आली, तरी त्याबद्दल दावा लावावयास आपण गेलो की न्यायाधीश प्रथम विचारतात, ‘यात आपले स्वतःचे काय गेले?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याचेच म्हणणे पुढे ऐकले जाते. कायद्याच्या भाषेत यास दाद मागण्याचा अधिकार असे म्हणतात. दाव्यात तथ्य आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. तो दावा या माणसाला करता येतो की नाही हा आधीचा.

बहुतेक कज्ज्यांत हा नियम सरळपणे लागू पडतो. परंतु घरबांधणीच्या सामानाचा प्रश्न आला म्हणजे तो अडखळू लागतो. छत्री गळकी निघाली तर पहिल्याच पावसात समजते. भिंतीत चिणलेली नळी, गिलाव्याखालची तार, छपराखालचा तक्ता यांचे तसे नाही. या वस्तू बहुधा घरधन्याने पारखून घेतलेल्या नसतात; कंत्राटदाराने अथवा नळकाम करणाऱ्या कारागिराने त्या आणलेल्या असतात. एकदा आत गेल्या की त्या पुन्हा दृष्टीस पडत नाहीत. त्यांत काही खोट असली तर ती वर्षानुवर्षांनी बाहेर येते, आणि तीही एका घरात आज, तर शेजारच्या घरात आणखी सहा वर्षांनी. समजा, एकाच कारखान्याची, एकाच घडणीची नळजोडणी दोन शेजाऱ्यांच्या घरी आहे. एकाची फुटली, छत भिजले, फरशी उखडली. दुसऱ्याची अद्याप शाबूत आहे. पहिल्याला दाद मागता येईल यात शंका नाही. दुसऱ्याला येईल काय? त्याचे अजून काय गेले आहे?

या प्रश्नाचा अतिशय बारकाईने ऊहापोह अमेरिकेतील न्यायालयांनी केला आहे. सदोष बांधकाम साहित्याबद्दल हजारो घरमालकांनी एकत्र येऊन फिर्याद करण्याची पद्धत तेथे चांगलीच रुजली आहे. म्हणून प्रथम तिकडचा अनुभव पाहू, आणि मग आपल्या कायद्याकडे वळू.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संघीय न्यायालयांची सत्ता प्रत्यक्ष खटले आणि वाद यांपुरती सीमित केली आहे. नुसत्या तात्त्विक शंकेचे निरसन करणे हे त्या न्यायालयांचे काम नव्हे. या अनुच्छेदाचा अर्थ लावताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली, लुहान विरुद्ध डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ या प्रकरणात, तीन कसोट्या स्पष्ट शब्दांत मांडल्या. वादीची हानी खरीखुरी आणि त्याची स्वतःची असली पाहिजे, म्हणजे ती घडून गेलेली किंवा अगदी येऊन ठेपलेली असावी. ती प्रतिवादीच्या वर्तनामुळे झालेली असावी. आणि न्यायालयाच्या निकालाने तिचे निवारण होण्याजोगे असावे. यांतील पहिली कसोटीच आपल्या दुसऱ्या शेजाऱ्याच्या आड येते.

आता सामूहिक दाव्याकडे पाहू. अमेरिकेत संघीय दिवाणी कार्यपद्धतीचे नियम १९३८ साली अमलात आले. त्यांपैकी तेविसावा नियम सामूहिक दाव्यासंबंधी असून, त्याला आजचे स्वरूप मुख्यतः १९६६ च्या दुरुस्तीने आले. एक-दोन माणसांनी स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या सर्वांसाठी दावा आणावा, आणि त्याचा निकाल सर्वांवर बंधनकारक व्हावा, अशी ही योजना आहे. पण ती सहजासहजी उपलब्ध होत नाही. वर्गातील माणसे इतकी असावीत की प्रत्येकास पक्षकार करणे अव्यवहार्य ठरावे; सर्वांना समान असा काही प्रश्न असावा; पुढे आलेल्या प्रतिनिधीची तक्रार इतरांच्या तक्रारीसारखीच असावी; आणि तो इतरांचे हित नीट सांभाळील अशी न्यायालयाची खात्री व्हावी. नुकसानभरपाईचा दावा असेल तर आणखी एक अट असते: समान प्रश्नांचे पारडे वैयक्तिक प्रश्नांहून जड असले पाहिजे.

या योजनेचा उपयोग कोठे होतो हे उघड आहे. एका घरातील जोडणी बदलण्याचा खर्च घरमालकाला जड वाटतो. पण धातुशास्त्राचे तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि निष्णात वकील यांचा खर्च त्याच्या अनेक पटींनी असतो. एकटा माणूस अशा लढाईत उतरतच नाही. हजार जण उतरले तर तो खर्च वाटला जातो. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात असंख्य घरांत पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या बसविण्यात आल्या. त्या आतून ठिसूळ होऊन फुटतात अशी तक्रार झाली, आणि १९९५ साली टेनेसी राज्यातील न्यायालयात कॉक्स विरुद्ध शेल ऑईल या सामूहिक दाव्यात ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. एकेकट्या घरमालकांच्या फिर्यादींतून एवढी रक्कम कधी उभी राहिली असती असे वाटत नाही.

तथापि सामूहिक दावा ही केवळ एक कार्यपद्धती आहे. ज्याला मुळात दाद मागण्याचा अधिकार नाही, त्याला तो हजारांच्या गर्दीत उभे राहिल्याने प्राप्त होत नाही. शून्याला हजाराने गुणले तरी शून्यच. म्हणून न गळलेल्या नळाचा प्रश्न सामूहिक दाव्यातही टळत नाही. उलट अधिकच तीव्र होतो, कारण अशा वर्गात ज्यांचे नळ अजून शाबूत आहेत अशांचीच संख्या बहुधा मोठी असते.

हा प्रश्न अगदी नेमकेपणाने उभा राहिला तो मिनेसोटा राज्यातील झर्न पेक्स या कंपनीच्या प्रकरणात. पेक्स ही पॉलिइथिलीनपासून केलेली लवचीक नळी. तिचे तुकडे एकमेकांस जोडण्यासाठी कंपनी पितळेच्या जोडण्या, ज्यांना आपल्याकडील कारागीर फिटिंग म्हणतात, पुरवीत असे. नळीचे टोक या पितळी फिटिंगवर चढवावयाचे आणि वरून तांब्याचे कडे हत्याराने आवळावयाचे, अशी ती रीत. या मालावर कंपनीची २५ वर्षांची मर्यादित हमी होती. घरमालकांचे म्हणणे असे की, कडे आवळल्याने पितळेवर ताण येतो; ताण आणि पाणी यांचा संयोग झाला की त्या पितळेत बारीक चिरा पडू लागतात; आणि त्या वाढत जाऊन शेवटी फिटिंग फुटते. कंपनीने हे अमान्य केले. कारागिराने काम नीट केले नसेल, किंवा त्या गावचे पाणीच पितळ खाणारे असेल, असा तिचा बचाव होता.

ज्यांच्या घरी पाणी गळले होते ते तर वादी होतेच. पण ज्यांच्या घरी एक थेंबही गळला नव्हता असेही घरमालक त्या वर्गात सामील होते. न्यायालयाच्या कागदपत्रांत त्यांना ‘कोरडे वादी’ असे नाव पडले. जिल्हा न्यायालयाने हमीभंगाच्या आणि हयगयीच्या दाव्यांपुरती वर्गाला मान्यता दिली. ग्राहक-फसवणुकीच्या कायद्याखालील मागण्यांसाठी मात्र दिली नाही. कंपनी अपिलात गेली. कोरड्या वादींचे काहीच बिघडलेले नाही, मग हमीभंगाच्या वर्गात त्यांना कशाला घेता, असा तिचा एक मुख्य आक्षेप होता.

या आक्षेपाला आधार नव्हता असे नाही. दोनच वर्षांपूर्वी, २००९ साली, त्याच आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने लहान मुलांच्या पाळण्यांसंबंधीच्या एका प्रकरणात आईबापांची फिर्याद काढून टाकली होती. त्या पाळण्यांची एक बाजू खाली सरकणारी होती, आणि काही पाळण्यांत ती निखळत असे. परंतु फिर्यादींच्या स्वतःच्या पाळण्यात तसे काही घडले नव्हते. न्यायालयाने सांगितले की, एका जातीच्या मालात दोष आढळतो एवढे म्हणणे पुरेसे नाही; आपल्या हाती आलेल्या नगात तो प्रत्यक्ष प्रकट झाला आहे असे वादीने म्हटले पाहिजे.

मग कोरड्या वादींचे काय झाले? जुलै २०११ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांचा रोख मुख्यत्वे तज्ज्ञांच्या साक्षीची छाननी या अवस्थेत किती कसोशीने करावी, यावर होता. कोरड्या वादींबाबत बहुमताने जो भेद केला तो सूक्ष्म आहे, पण समजून घेण्याजोगा आहे. पाळण्याच्या बाबतीत दोष एखाद्या नगात उतरेल किंवा उतरणारही नाही, अशी स्थिती होती. येथे घरमालकांचे म्हणणे असे होते की, प्रत्येक फिटिंगमध्ये ती बसविल्यापासूनच चिरा पडण्याची क्रिया सुरू झालेली आहे. पाणी कोणत्या गावचे आणि कारागीर कोण, यावर ती अवलंबून नाही. गळती हा दोष नव्हे, तो दोषाचा परिणाम. दोष पितळेत आधीच उतरलेला आहे. त्यामुळे कोरड्या वादींची तक्रार उद्याच्या भीतीविषयी नसून काल झालेल्या विक्रीविषयी आहे.

एक आपल्याकडचा दाखला घेऊ. शंभर नंबरी म्हणून घेतलेला दागिना हिणकस निघाला, तर आपले नुकसान कोणत्या दिवशी झाले? तो मोडावयास सराफाकडे नेला त्या दिवशी आपणांस ते कळले. पण ते झाले खरेदीच्याच दिवशी. दिलेल्या पैशाच्या मोलाचा माल मिळाला नाही, हेच ते नुकसान. हमीभंगाच्या दाव्यात अमेरिकन कायदाही सामान्यतः असेच मोजमाप करतो: सांगितल्याप्रमाणे माल असता तर त्याची जी किंमत झाली असती, ती आणि प्रत्यक्ष हाती आलेल्या मालाची किंमत, यांतील फरक. हयगयीचा दावा निराळा असतो. तेथे प्रत्यक्ष हानी हा दाव्याचाच एक घटक आहे. भिजलेले छत दाखविता आले पाहिजे. म्हणून ‘कोरड्या वादीला अधिकार आहे काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तो काय मागतो आणि कोणत्या आधारावर मागतो, यावर ते उत्तर ठरते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. वर्गाला मान्यता मिळाली याचा अर्थ फिटिंग सदोष असल्याचे सिद्ध झाले, असा होत नाही. ते सिद्ध करण्याचे ओझे घरमालकांवर कायमच होते. हे प्रकरण पुढे तडजोडीने मिटले.

कोणी म्हणेल, एवढी घाई कशाला? नळ फुटू द्यावा, मग फिर्याद करावी. हा सल्ला व्यवहारी दिसतो. पण त्यात एक मोठा खड्डा आहे, आणि तो मुदतीच्या कायद्याचा आहे. मालाच्या विक्रीसंबंधी अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्यांनी युनिफॉर्म कमर्शियल कोड ही संहिता स्वीकारली आहे. तिच्या नियमाप्रमाणे हमीभंगाच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे चार वर्षे असते, आणि ती माल हाती दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, मग खरेदीदाराला दोष ठाऊक असो वा नसो. मालाच्या भावी टिकाऊपणाची स्पष्ट शब्दांत हमी दिलेली असेल तर त्यास अपवाद आहे. पण अमुक हमीपत्र त्या अपवादात बसते की नाही, हाच एक स्वतंत्र वाद होऊन बसतो. आता कोरड्या घरमालकाची अवस्था पाहा. तिसऱ्या वर्षी तो न्यायालयात गेला तर त्याला सांगावयाचे, ‘अजून काही गळलेले नाही, आपण फार लवकर आलात.’ नवव्या वर्षी नळ फुटल्यावर गेला तर सांगावयाचे, ‘चार वर्षे केव्हाच होऊन गेली, आपण फार उशिरा आलात.’ इकडे आड आणि तिकडे विहीर अशी ही कोंडी आहे. ज्या दोषाचा स्वभावच उशिरा प्रकट होण्याचा, त्या दोषासाठी दाद मागण्याचा असा एकही दिवस त्याला उरत नाही. आणि माल जितका सावकाश बिघडणारा, तितका तो करणारा अधिक सुरक्षित, असा विपरीत परिणाम त्यातून निघतो.

या कोंडीतून काही प्रमाणात वाट काढणारा एक निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला होता. अमेरिकन पाइप अँड कन्स्ट्रक्शन या कंपनीच्या प्रकरणात असे ठरले की, वर्गाच्या वतीने दावा दाखल झाला म्हणजे वर्गातील सर्वांच्या मुदतीचे घड्याळ तूर्त थांबते. पुढे वर्गाला मान्यता नाकारली गेली, तरी उरलेल्या मुदतीत त्यांना स्वतंत्रपणे येता येते. मात्र त्यासाठी वर्गाची व्याख्या त्यांना सामावून घेणारी असली पाहिजे. कोरड्यांना आरंभीच वगळले तर त्यांचे घड्याळ चालूच राहते.

येथवर ऐकून उत्पादकाची बाजू अगदीच लंगडी आहे असे वाटेल. ते बरोबर होणार नाही. पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक भीती ही हानी मानली तर फिर्यादींना अंत राहणार नाही. कोणतीही मानवनिर्मित वस्तू केव्हा ना केव्हा झिजते. तीस वर्षे निर्वेध चालणाऱ्या नळाबद्दल पाचव्या वर्षी पैसे घेणारा घरमालक आणि खरोखर भिजलेला घरमालक यांना एका मापाने मोजणे न्याय्य नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भिजलेले आणि कोरडे यांचे हित नेहमी एक असतेच असे नाही. ॲस्बेस्टॉस हा घरबांधणीत एके काळी सर्रास वापरला जाणारा पदार्थ. त्याच्या तंतूंनी होणारे फुप्फुसाचे रोग पुष्कळ वर्षांनी उद्भवतात. त्यासंबंधीच्या दाव्यांची एक भव्य सामूहिक तडजोड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली, ॲमकेम विरुद्ध विंडसर या प्रकरणात, अमान्य केली. त्यामागे न्यायालयाने दिलेले एक कारण असे होते की, जे आज आजारी आहेत त्यांना ताबडतोब भरघोस रक्कम हवी, तर ज्यांच्या शरीरात तंतू गेले आहेत पण रोग अद्याप दिसत नाही, त्यांना पुढील काळासाठी भरपूर निधी शिल्लक राहावयास हवा. एकाच वर्गात, एकाच प्रतिनिधीच्या हाती या दोघांचे हित सुरक्षित राहत नाही. नळांच्या बाबतीतही निधी मर्यादित असेल तर हाच ताण निर्माण होतो. म्हणून काही वेळा न्यायालये एका वर्गाचे उपवर्ग करतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रतिनिधी व वकील देतात.

अलीकडे तर या विषयावरील नियम अधिक कडक झाला आहे. २५ जून २०२१ रोजी ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ या प्रकरणाचा निकाल लागला. ही पतविषयक माहिती पुरविणारी कंपनी. ८,१८५ ग्राहकांच्या नोंदींत त्यांचे नाव संशयित दहशतवाद्यांच्या यादीतील नावाशी जुळत असल्याचा चुकीचा शेरा तिने ठेवला होता. त्यांपैकी १,८५३ जणांची नोंद बाहेरच्या व्यावसायिकांकडे गेली. उरलेल्या ६,३३२ जणांची कंपनीच्या दप्तरातच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरविले की, वैयक्तिक भरपाई मिळावयाची तर वर्गातील प्रत्येक माणसाला दाद मागण्याचा अधिकार असला पाहिजे. आणि ज्यांची नोंद बाहेर गेलीच नाही, त्यांना त्या चुकीच्या नोंदीबद्दल तो नाही. बदनामीकारक पत्र लिहून मेजाच्या खणात ठेवून दिले, तर त्याने कोणाची बदनामी होत नाही, असा दृष्टांत न्यायालयाने दिला.

या निकालाने कोरड्या वादीचा मार्ग बंद झाला काय? तसे दिसत नाही. मात्र त्याला आपले म्हणणे अधिक काटेकोरपणे मांडावे लागते. ‘माझा नळ फुटेल अशी मला भीती वाटते’ असे म्हणणारा खणातल्या पत्राबद्दल बोलतो. ‘मी ज्या मालाचे पैसे दिले तो मला मिळाला नाही’ असे म्हणणारा आपल्या खिशातून गेलेल्या पैशाबद्दल बोलतो, आणि पैशाची हानी ही न्यायालयांनी नेहमीच खरीखुरी हानी मानली आहे. हानी न झालेली माणसे वर्गात असतील तर आरंभी वर्गाला मान्यताच देऊ नये काय, हा प्रश्न मात्र २०२१ च्या निकालाने मोकळा ठेवला. तो लॅबकॉर्प विरुद्ध डेव्हिस या प्रकरणात पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पण ५ जून २०२५ रोजी न्यायालयाने ते अपील गुणदोषांवर निर्णय न देताच काढून टाकले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेत अमेरिकेच्या तिसऱ्या अनुच्छेदासारखी तरतूद नाही, आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी आपल्याकडे स्वतंत्र आयोग आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम प्रथम १९८६ साली झाला. त्याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली आणि त्यातील बहुतेक तरतुदी जुलै २०२० पासून अमलात आल्या. हा संसदेचा कायदा असल्यामुळे गोवा असो वा बेळगाव, इंदूर असो वा ग्वाल्हेर, बडोदे असो वा हैदराबाद, सर्वत्र तो एकच आहे. शिवाय ग्राहकाला आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कोल्हापुरात माल घेणाऱ्या बेळगावकराला त्यासाठी कोल्हापूरचे हेलपाटे घालावे लागत नाहीत.

कोरड्या नळाच्या दृष्टीने या अधिनियमातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. कायद्याने अथवा कराराने मालाचा जो दर्जा, जी प्रत, जी शुद्धता राखली पाहिजे, तीत असलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. माल फुटला पाहिजे, पाणी गळले पाहिजे, अशी अट त्या व्याख्येत नाही. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करून देण्याचा, माल बदलून देण्याचा अथवा किंमत परत करण्याचा हुकूम आयोग देऊ शकतो. याच अधिनियमात उत्पादन-दायित्वाचे एक नवे प्रकरणही आहे. परंतु त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान आणि हमीभंगामुळे मालमत्तेचे झालेले नुकसान वगळले आहे. म्हणजे ज्याचे घर भिजले नाही त्याने त्या प्रकरणाकडे न जाता, माल सदोष आहे या साध्या तक्रारीचा मार्ग धरणे श्रेयस्कर. वकिलाने मसुदा करताना येथे चूक केली तर चांगले प्रकरणही फसते.

सामूहिक तक्रारीची सोयही आपल्या कायद्यात आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांपैकी एकास वा अनेकांस, आयोगाच्या परवानगीने, सर्वांच्या वतीने तक्रार करता येते. त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेतील पहिल्या आदेशाचा आठवा नियम लागू होतो आणि इतरांना नोटीस द्यावी लागते. पण समान हितसंबंध म्हणजे काय, याविषयी आपले सर्वोच्च न्यायालयही काटेकोर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस या कंपनीच्या प्रकरणात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी १,१३४ सदनिका असलेल्या संकुलातील सर्वांच्या वतीने तक्रार आणली होती. ताबा देण्यास विलंब झाला, ही त्यांची तक्रार होती. इमारतींच्या ताब्याच्या तारखा निरनिराळ्या होत्या, आणि सर्वांचे हित एकच असल्याचे तक्रारीत पुरेसे मांडलेले नव्हते. न्यायालयाने ती सर्वांची प्रातिनिधिक तक्रार मानण्यास नकार दिला. मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती चालू दिली. यावरून घ्यावयाचा बोध असा की, ‘आम्ही सर्व एकाच इमारतीत राहतो’ एवढ्याने भागत नाही. सर्वांच्या घरी तोच माल, तीच खोट आणि तीच मागणी आहे, हे पहिल्याच कागदात स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

मुदतीची कोंडी आपल्याकडेही आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे गेले पाहिजे. विलंबाचे सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो. कारण घडले केव्हा, विक्रीच्या दिवशी की दोष उमगला त्या दिवशी, यावर उत्पादक आणि ग्राहक यांच्यात झगडा होणारच. सदनिका घेणाऱ्यांना २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचा आणखी एक आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील वा दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास, प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, असे त्यात म्हटले आहे.

या सर्वांतून सामान्य घरमालकाने काय करावे? खर्च न होता करता येण्यासारख्या चार गोष्टी आहेत. नळ, फिटिंग, तारा, जलरोधक लेप इत्यादी सामानाच्या पावत्या आणि हमीपत्रे घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावीत. भिंत बंद होण्यापूर्वी मालावरील छाप आणि तुकडीचा क्रमांक टिपून घ्यावा. छायाचित्र काढले तर उत्तमच. शेजाऱ्याकडे तोच माल फुटल्याचे समजले, तर आपला शाबूत आहे म्हणून स्वस्थ न बसता ती तारीख लिहून ठेवावी आणि विक्रेत्यास, उत्पादकास व बांधकाम करून देणाऱ्यास लेखी कळवावे. आणि एकत्र येताना भिजलेल्यांची व कोरड्यांची यादी स्वतंत्र करावी. दोघांची तक्रार एका दोषाची असली तरी त्यांची मागणी एक नसते, हे आरंभीच मान्य केले तर पुढील पुष्कळशी भांडणे टळतात.

न्यायालयाने ‘तुझे काय गेले?’ असे विचारणे गैर नाही. त्या प्रश्नावाचून न्यायालये रिकाम्या वादांचे आखाडे होतील. परंतु ज्याच्या भिंतीत खोटा माल चिणला गेला आहे, त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर छत भिजण्यापूर्वीही असू शकते: पैसे गेले, आणि त्यांच्या मोलाचा माल आला नाही. हे उत्तर त्याला पुराव्यानिशी आणि मुदतीत देता यावे, एवढी वाट कायद्याने मोकळी ठेवली पाहिजे. आणि ती वाट चालून जाण्याची तयारी घर बांधून होत असतानाच ग्राहकाने केली पाहिजे.